जर्मनीचं पत्र

मालुबाईच्या वर्षश्राद्धाला तिच्या माहेरचा आहेर घेऊन रवळू येणार, हे यल्लाप्पाला ठाऊक होतं. मेहुण्यानं आणलेले कपडे त्या दिवशी अंगावर घातले की दुखवटा संपतो, अशी त्यांच्यातली रीत. कपडे घेतले नाहीत तर ते घर तुटलं, असं सगळी भावकी समजते. आणि कपडे घ्यायचे नाहीत, हे यल्लाप्पानं चार दिवसांपूर्वीच ठरवलं होतं.

रवळू मालुबाईचा धाकटा भाऊ, बेळगुंदीचा. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला वाढवलं होतं. आधी तो इन्शुरन्सची कामं करायचा. मग त्यानं निपाणीत स्टँडजवळ ऑफिस काढलं आणि पोरांना परदेशी कॉलेजात पाठवायला लागला. तिथं त्याला आर. एन. सर म्हणत. यल्लाप्पाच्या अनगोळच्या घरात मात्र तो रवळूच होता. आला की सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसायचा.

यल्लाप्पाची मुलगी सौम्या इंजिनिअर झाली, तेव्हा पुढं कुठं शिकायचं हे मामाशिवाय कोणाला विचारणार? तिच्या वर्गातला कोगनोळीचा आदर्श म्हणाला होता, जर्मनीच्या सरकारी विद्यापीठात फी नसते, राहण्याजेवणाचा खर्च तेवढा. दोघांनी अर्ज केले. आदर्शनं स्वतःचा स्वतः भरला. सौम्याचा मामानं भरला आणि त्यात ऑफिसचा ईमेल घातला. घरचाच माणूस, त्याला काय विचारायचं? आदर्शला पत्र आलं, सौम्याला आलं नाही. रवळू म्हणाला, तिकडं नंबर लागणं सोपं नाही, पोरीचं वर्ष वाया घालवू नका, इंग्लंडमध्ये एका वर्षात डिग्री हातात येते. तिथल्या फीसाठी कर्ज द्यायला बँकेनं घर तारण मागितलं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत तीस वर्षं राबून बांधलेलं घर. यल्लाप्पा दोन दिवस मालुबाईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढता वाढता तिनं विचारलं, "माझा भाऊ मला खड्ड्यात घालंल व्हय?"

त्यानं सही केली.

डिग्री झाली, पण व्हिसाचा विषय निघाला की कंपन्या फोन ठेवायच्या. सौम्या तिकडं एका गोदामात खोकी भरू लागली. इकडं हप्ते सुरू झाले आणि यल्लाप्पा साठी उलटल्यावर त्याच फौंड्रीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. आदर्शला जर्मनीत नोकरी लागली. त्याच्या आईबापांच्या डोक्यावर कर्ज असं नव्हतंच. मालुबाई एका सकाळी भाकरी थापताना बसल्या जागी गेली. सौम्याकडं तिकिटाचे पैसे नव्हते. तिनं आईला शेवटचं फोनवर बघितलं.

चार दिवसांपूर्वी तिचा फोन आला. आदर्शच्या सांगण्यावरून तिनं जर्मनीच्या विद्यापीठाला लिहून विचारलं होतं. उत्तर तिनं मराठीत करून वाचलं. तुम्हाला प्रवेश दिला होता, पत्र अर्जातल्या ईमेलवर मे महिन्यात पाठवलं, तुम्ही काही कळवलं नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली. यल्लाप्पानं तिला ते तीनदा वाचायला लावलं.

श्राद्धाच्या दिवशी रवळू आला, तेव्हा पान वाढायला अवकाश होता. यल्लाप्पा त्याला मागं परड्यात घेऊन गेला.

"जर्मनीचं पत्र आलतं?"

कुठलं पत्र, असं रवळूनं आधी विचारलं. मग तो धुणं धुवायच्या दगडावर बसला. "आलतं, दाजी."

त्यानं सगळं सांगितलं. फुकट शिकवणारं विद्यापीठ त्याला काय देणार होतं? इंग्लंडचं कॉलेज पोरामागं कमिशन द्यायचं, आणि त्या साली त्याच्या ऑफिसचं भाडं थकलं होतं. पोरगी कुठंही गेली तरी नोकरी लागंलच, असं त्याला वाटलं होतं.

"भणीच्या पोरीचं फुकटातलं शिक्षान तुला बघवलं न्हाय व्हय रं?"

रवळू मान खाली घालून म्हणाला, "आक्काला म्हाईत होतं."

सौम्या इंग्लंडला गेल्यावर सहा महिन्यांनी त्यानंच आक्काचे पाय धरून सांगितलं होतं म्हणे. तिनं त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि म्हणाली, ह्यांना कळू देऊ नकोस, न्हायतर माझं म्हायेर बंद हुईल.

"खोटं बोलतोस."

"आक्काची शपथ, दाजी."

"मेलेल्याची शपथ लई सोपी रं. ती कुठं उठून न्हाय म्हणतीया."

पण थोबाडीत मारणं तिच्या स्वभावातलंच होतं. शेवटच्या वर्षी ती बेळगुंदीच्या जत्रेला गेली नव्हती, गुडघे दुखतात म्हणाली होती. रवळू आला तर चहा देऊन बाहेर येऊन बसायची. यल्लाप्पाला वाटायचं, हप्त्यांच्या काळजीनं माणूस असं होतं. आणि रोज रात्री त्याच्या हातातला रिकामा डबा घेताना ती विचारायची, उभं राहून पाय सुजले का? पायांना तेल लावायची. सगळं ठाऊक असून लावायची. नाहीतर रवळू आत्ताही खोटंच बोलत होता. तिला तो नवऱ्याइतकाच ओळखत होता, तिच्या नावानं काय खरं वाटेल हे त्याला बरोबर कळत होतं.

सोप्यात भावकी वाट बघत बसली होती. थोरला चुलता मष्णू म्हणाला, घे बाबा, वेळ होतोय. यल्लाप्पानं कपड्यांना हात लावला नाही. का, हे त्यानं सांगितलं नाही. रवळू पिशवी उचलून चपला घालून निघून गेला, आणि बायका आपसात कुजबुजू लागल्या.

सगळे पांगल्यावर सौम्याचा फोन आला. मामा कबूल झाला का, तिनं विचारलं. झाला, तो म्हणाला.

"बरं झालं, आईला कळायच्या आधीच ती गेली. व्हय न्हवं, आप्पा?"

"व्हय. तिला काय म्हाईत न्हवतं."

मग आईच्या पानावर काय काय वाढलं होतं ते तिनं विचारलं. त्यानं एकेक पदार्थ सांगितला, वड्यापासून खिरीपर्यंत. वाढलं भावकीतल्या बायकांनी होतं. त्याला वाढायला बोलावलं तेव्हा तो उठला नव्हता.