पोटात न शिरणारी सुरी

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुनी सुरी आहे, पण सिनेमातली. माझं पातं कुणाच्या अंगात शिरत नाही. दाबलं की ते स्प्रिंगवर मागे सरकतं आणि मुठीत जाऊन बसतं. स्टुडिओतलं सामान सांभाळणाऱ्या काकांनी मला पत्रा कापून, घासून घडवलं.

टोळीवाल्यांच्या सिनेमांत माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! टोळीचे म्होरके व्हायचे ते दादा आणि त्यांचा उजवा हात व्हायचा तो बारक्या. शेवटी बारक्याने फितूर व्हायचं आणि मला दादांच्या पाठीत खुपसायचं, हे ठरलेलंच. अकरा सिनेमांत त्याने दादांचा घात केला. रस्त्यात बायाबापड्या त्याला शिव्याशाप द्यायच्या. प्रत्यक्षात मात्र दोघांचं असं गूळपीठ, की एकाच डब्यात जेवायचे.

पुढे तसले सिनेमे मागे पडले आणि मी पेटीत पडून राहिले. ना कुणी तेल घातलं, ना पुसलं. स्प्रिंगला गंज चढला. फार वाईट वाटायचं हो.

बऱ्याच वर्षांनी बारावा सिनेमा निघाला. दादा थकले होते, नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. काकांची नजरही अधू झाली होती. त्यांनी मला वरवर पुसून दिलं. बारक्याची एक सवय होती. वार करण्याआधी तो मला स्वतःच्या छातीवर दाबून बघे. त्या दिवशीही त्याने दाबलं, आणि माझं पातं अडकलं. त्याच्या सदऱ्यावर रक्ताचा ठिपका उमटला. मी लाजेने अर्धमेली झाले.

ऊन उतरत चाललं होतं. हळू मार आणि उरकून टाक, असं दिग्दर्शक म्हणाले. बारक्या सरळ खाली बसला.

"आधी हिची स्प्रिंग बदला," तो शांतपणे म्हणाला, "मग मी गद्दारी करतो."

काकांना तो एका शब्दानेही बोलला नाही. त्यांनी स्प्रिंग बदलली. मग बारक्याने असा वार केला, की बघणारे चरकले. दादा कोसळले, आणि त्याने चटकन हात घालून त्यांचं डोकं झेललं. झालं, सगळं मुसळ केरात!

"अहो, गद्दार कधी डोकं सांभाळतो का?" दिग्दर्शक वैतागले.

"फरशी खरी आहे ना, साहेब," बारक्या म्हणाला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा थेंब देत जा. आमच्या भरवशावर कुणीतरी पाठ करून उभं असतं.