पाच विषय, एक वर्ष

बायोमेडिकलच्या पीएच.डी.साठी पाच विषय पूर्ण करावे लागतात, आणि माझ्याकडे वर्ष एकच होतं. रुग्णालयातली श्वासाची यंत्रं मी चौदा वर्षं दुरुस्त केली. तिथून अभ्यासरजा मिळाली ती बारा महिन्यांची, वर एक दिवस नाही. म्हणून आठवडाभर मी वेळापत्रकाशी झटापट केली. नवऱ्याने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला. तिसऱ्यांदा त्याने माझा नाद सोडला.

घोडं अडलं एकाच जागी. शरीरक्रियाशास्त्र आणि उच्च गणित, दोन्ही सोमवारी दहाला, आणि दोन्ही फक्त याच सत्रात.

मार्गदर्शक सरांनी आराखडा पाहिला आणि शरीरक्रियाशास्त्रावर पेन्सिलने काट मारली. इंजिनिअर माणूस ते पुस्तकातून वाचू शकतो, गणिताला मात्र शिकवणारा हवा, असं त्यांचं म्हणणं. माणूस विद्वान, पण ऐकून घेणं त्यांच्या स्वभावात नाही. हट्टीपणात मीही काही कमी नाही.

“सर, यंत्र मला कळतं,” मी म्हटलं. “गेल्या वर्षी एका पेशंटचं मशीन मी तीनदा तपासलं. सगळे आकडे बरोबर, तरी माणूस धापा टाकत होता. त्याच्या मुलीने विचारलं, मशीन ठीक आहे तर बाबा का दमतात? मला उत्तर देता आलं नाही. त्यासाठीच मी इथे आलेय.”

“मग गणिताचं काय?” सर म्हणाले. मी आराखड्याला जोडलेल्या अर्जाचं दुसरं पान पुढे केलं. नियमांत स्वयंअध्ययनाची सोय होती, फक्त एका प्राध्यापकाने आठवड्याला दोन तास शिकवायची जबाबदारी घ्यायला हवी. त्या रकान्यात मी सरांचंच नाव लिहिलं होतं. न विचारता, शाईने.

त्यांनी नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“गणित शिकवून मला वीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “आधी मलाच अभ्यास करावा लागेल.”

“करा ना, सर. मीही करणारच आहे.”

ते हसले नाहीत. खोडरबर शोधून त्यांनी काट पुसली, अर्जाखाली सही केली आणि कागद देता देता विचारलं, “त्या मुलीचे वडील आता कसे आहेत?”

“गेले, सर.”

“मग शनिवारी सकाळी आठला या,” सर म्हणाले.