एक नंबर, सात नावं

“बाई, हे नंबर खोडू नका. पी.पी. आहेत, शेजाऱ्यांचे,” कंपनीचा टाइमकीपर कुंडलिकने महिन्यापूर्वी कामगारांच्या कार्डांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून सांगितलं होतं.

ऑफिसातल्या शालूने तो हात बाजूला सारला होता. टेलिफोन एक्स्चेंज बदललेलं, जुन्या नंबरांपुढे नवा आकडा लावून कामगारांच्या घरचे सगळे फोन कॉम्प्युटरवर चढवायचे होते. शहाडचा एकच नंबर सात जणांपुढे. चूक, दुसरं काय? पाळणाघरात पोरीला ताप होता, पाचला निघायचं होतं. पहिल्या नावापुढे नंबर ठेवून तिने बाकी सहा जागा रिकाम्या केल्या.

आता त्या सहांतल्या महिपतची बायको रंगूबाई टेबलासमोर उभी होती.

“काल सकाळी इथं कंपनीत गॅस लागला माझ्या माणसाला. मला आज कळतंय. ते पण गेटवर विचारल्यावर.”

“तुमचा नंबरच नव्हता यादीत,” शालूचे वरिष्ठ श्रीपादसाहेब म्हणाले.

“नव्हता कसा? हौसाबाईच्या गिरणीचा फोन. अख्खी चाळ तोच देते. माझा सासरा गेला तेव्हा तिथंच फोन आलेला. गिरणी बंद करून, पिठाच्या हातांनी धावत आलेली ती.”

“एका नंबरावर एकच माणूस, बाई. कॉम्प्युटर दुसरा घेत नाही.”

“मग त्यालाच पाठवा की दवाखान्यात, माणसाजवळ बसायला.”

शालूने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

“घेतो तो,” ती म्हणाली. “मी खोडला.”

रंगूबाईने तिच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“शिकलेल्या ना तुम्ही? एकदा फिरवून तरी बघायचा.”

ती गेल्यावर साहेबांनी दार लोटलं. “कशाला बोललात? आता लेखी खुलासा मागतील.”

“मागू देत.”

“आणि नंबर परत घालू नका. यादी हेड ऑफिसला गेलीय. तिकडे काय सांगू, आमच्या बाई चुकल्या?”

“हो. तेच सांगा.”

साहेब हसले. तिने त्यांच्यासमोरच फोन ओढून डायल फिरवला. महिन्याभरात पहिल्यांदा. पलीकडे गिरणीची घरघर.

“कोण?”

“हौसाबाई? मानपाड्याहून, कंपनीतून बोलतेय. महिपत कसे आहेत?”

घरघर थांबली.

“आता विचारताय?”

फोन ठेवला गेला. शालूने पुन्हा फिरवला. पुन्हा. तिसऱ्यांदा तिचा “हॅलो” ऐकताच ठेवला गेला.

तिने त्या यादीची गेटवर लावायची प्रत पुढे ओढली. सहाही नावांपुढे पेनाने तो नंबर लिहिला, इतका दाबून की कागद दोनदा फाटला. मग तळाशी लिहिलं:

‘वाचणाऱ्यास विनंती. या नंबरावर फोन करून महिपत कसा आहे, रंगूबाई जेवली का, एवढं विचारा. माझा आवाज तिथे ओळखतात. माझं नाव सांगू नका.’