नोंद झाल्याशिवाय गेट उघडणार नाही

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात श्रावणापासून हायड्रोचा खटका तुटलेला होता. हायड्रो म्हणजे रंगवलेलं ओलं सूत पोटात घेऊन गरगर फिरवणारं आणि पिळून काढणारं मशीन. ड्रम फिरत असताना झाकण उघडू नये, एवढ्यासाठी तो खटका. खंडेनवमीला मालक शिवानंद यांनी तिथं लिंबू-मिरची बांधली. म्हणजे दुर्लक्ष केलं, असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

सेफ्टी ऑफिसर दिपकनं तीन अर्ज दिले होते.

"कागद बंद आता," मालक म्हणाले. "परदेशी गिऱ्हाइकाला सेफ्टी सॉफ्टवेअर पाहिजे. तक्रार त्याच्यावरच करायची. विकत घ्यायचं का घरी बनवायचं, तेवढं ठरू दे की."

ठरवायला अकरा मिटिंगा झाल्या. अकराही मिटिंगांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. कामगार प्रतिनिधी म्हणून हायड्रोवरच्या सिद्धारामला बोलवायचे, कारण भाकऱ्या तोच आणायचा.

"सायेब, झाकण चालू ड्रमवर उघडतंय की ओ," तो दर वेळी म्हणायचा.

"सिस्टिम येऊ दे, सिद्धाराम," दिपक दर वेळी म्हणायचा.

शेवटच्या मिटिंगला पुण्याचा सॉफ्टवेअरवाला स्क्रीनवर आला. त्याच्या यादीत सुरक्षा साधनं एकशे चाळीस होती.

"लिंबू कुटं हाय?" मालकांनी विचारलं.

"सर, तो ऑप्शन नाहीये."

"मग काय उपयोग?"

दिपकचा प्रश्न वेगळा होता. मागच्या वर्षी एकाचा पाय चेंगरला, तेव्हा त्याला मागच्या दारानं टेम्पोत घालून नेलं आणि हजेरीत 'रजा' मारली. ते दिपकच्या डोक्यातून जात नव्हतं. "नोंद झाल्याशिवाय जखमीला बाहेर काढताच येऊ नये. गेटच उघडू नये. जमेल?"

"नाही सर," पुणेकर म्हणाला. "असं कुणी मागितलं नाही आजवर."

"मी करते की," मालकांची पुतणी काव्या म्हणाली. ती नुकतीच इंजिनियर झाली होती आणि घरात सगळे तिला घाबरून होते. "लिंबू पण टाकते."

घरीच बनवायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदाच दिपकचं म्हणणं कुणी ऐकलं होतं. त्यानं घरी जाताना पेढे नेले.

महिन्याभरात पुढचं गेट सॉफ्टवेअरला जोडलं आणि मागचं दार विटांनी बुजवलं. ज्याला लागलं त्यानं अंगठा लावायचा, मग नोंद, मग गेट. चाचणीसाठी सिद्धारामचा उजवा अंगठा घेतला. तो रिकामाच उभा होता. हायड्रोसाठी तोच एक अंगठा सॉफ्टवेअरमध्ये राहिला.

खटक्याची तक्रार सोमवारी टाकायची होती. शनिवारी चालू ड्रमवर झाकण उघडलं, सूत बाहेर उसळलं आणि ते आवरायला गेलेल्या सिद्धारामचा उजवा अंगठा आत राहिला.

दिपकनं सगळं पुस्तकात होतं तसंच केलं. मशीन बंद केलं, हात बांधला, अंगठा पिशवीत आणि पिशवी बर्फात. सिद्धारामला जीपमध्ये बसवलं. जीप गेटपाशी येऊन थांबली.

"उघड!" दिपक ओरडला.

"नोंद दावा," वॉचमन म्हणाला. "माज्या हातात काय न्हाय, सायेब. तुमीच काढून घेतलं की."

दिपकनं पिशवीतून अंगठा काढला आणि गेटवरच्या अंगठ्याच्या मशीनवर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. त्यानं काव्याला फोन लावला.

"थंड असेल, दिपकसर. थंड बोट ते ओळखत नाही. कुणी खोटं बोट लावू नये म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं. जरा गरम करा."

दिपकनं अंगठा दोन्ही तळहातांत धरला. घासला. त्यावर फुंकर मारली. जीपमधून सिद्धाराम बघत होता.

"सायेब, हळू," तो म्हणाला. "माजा हाय त्यो."

पंचवीस मिनिटांनी हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: 'नमस्कार सिद्धाराम. घटनेचं वर्णन किमान शंभर शब्दांत लिहा.'

दिपकनं लिहिलं. सत्त्याण्णव झाले. मग शेवटी 'अतिशय दुःखद घटना' असं टाकलं आणि गेट उघडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी उघडून पाहिली. "कट चांगला होता. बसला असता. पण हा गरम कुणी केला?"

दिपकनं दोन्ही तळहात खिशात घातले.

ऑडिटला आलेले परदेशी पाहुणे खूश झाले. एवढी प्रामाणिक नोंद त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. दिपकला शाल मिळाली. शाल म्हणजे कारखान्यातलाच टॉवेल होता, जरा रंग चुकलेला.

दीड महिन्यानं सिद्धाराम कामावर आला. त्याला परत हायड्रोवरच ठेवलं, कारण अनुभव त्यालाच होता. खटका तुटलेलाच होता.

"आता तरी तक्रार टाकूया," दिपक खाली मान घालून म्हणाला.

"टाका की. कोन नको म्हनतंय?"

"हायड्रोवाल्यानं अंगठा लावावा लागतो."

सिद्धारामनं डावा हात पुढं केला. मशीननं लाल दिवा दाखवला. मग सिद्धारामनं उजव्या अंगठ्याचं थोटूक दिपकच्या तोंडासमोर धरलं.

"फुंका, सायेब," तो म्हणाला. "तुमाला जमतंय."