जंग्याचा जबडा

जंग्याचा जबडा सकाळी लोंबला तो लोंबलाच. भाकरीचा तुकडा तोंडात जाई आणि तसाच खाली पडे. लाळेची तार पार छातीपर्यंत. कंपूतल्या, म्हणजे जुन्या लष्करी वस्तीतल्या, त्या बोळात बातमी पसरायला काय लागतं? दुपारपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं, महिपतरावांचं कुत्रं पिसाळलं.

विजयाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या नाहीत. टांगा केला आणि गुरांच्या डॉक्टरांना, गोपाळकृष्णांना, घेऊनच आल्या. डॉक्टरांनी लांबून पाहिलं. जंग्याने शेपूट हलवली, खोल भांड्यात तोंड बुडवून कसंबसं पाणी ओढलं.

"पिसाळलेलं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतून एक नस जबड्याला येते. ती सुजली की तोंड मिटत नाही. बहुतेकदा दोनतीन आठवड्यांत आपोआप बरं होतं. पण खात्री आज देत नाही. साखळीला बांधा, लाळेला हात लावू नका. खरंच पिसाळलं असेल तर दहा दिवस काढणार नाही."

"अकराव्या दिवशी या मग," विजयाबाई म्हणाल्या.

महिपतराव ओसरीवर बसून ऐकत होते. संस्थान मध्यभारतात गेलं, महिपतरावांची फौज दिल्लीच्या लष्करात गेली आणि तिकडच्या निवड बोर्डाने त्यांना एकदा वरखाली बघून घरी पाठवलं. तेव्हापासून माणूस मिशीला पीळ देत घरातच बसलेला.

"बंदूक साफ करून ठेवतो," ते म्हणाले.

"कशाला?"

"वेळ आली तर. शिलेदाराचं जनावर दुसऱ्याच्या हातून मरत नाही. आजोबांनी आपल्या घोड्याला स्वतः गोळी घातली होती."

"त्या घोड्याचा पाय मोडला होता. याचं काय मोडलंय? बोर्डाने तुम्हाला एका नजरेत निकामी ठरवलं तेव्हा आठवडाभर शिव्या घालत होतात. आता तुम्हीच बोर्ड झालात होय?"

महिपतराव उठून आत गेले. बंदुकीला तेल लावलं.

विजयाबाई पातळ पेजेचं भांडं काठीने पुढे सरकवत. अर्धी पेज सांडे, अर्धी पोटात जाई. आठव्या दिवशी सकाळी जंग्याने जबडा वर उचलला. दाताला दात लागला नाही, पण लागायला आला.

"अहो, बघा तरी!" त्या ओरडल्या. महिपतरावांनी पाहिलं. हसलेसुद्धा.

त्याच दुपारी कुत्री धरणारी गाडी दारात आली. शेजारच्या पांडुरंगरावांनी तक्रार केली होती. लोखंडी चिमटे घेऊन दोघं उतरले.

"माई, हुकुम है. पागल कुत्ता है."

"पागल नहीं है! डॉक्टरने देखा है. तीन दिन और रुको, भैया."

पांडुरंगराव सज्ज्यातून ओरडले, "अहो महिपतराव, तुमच्या घरात हुकूम कुणाचा चालतो? फौजेतही बाईसाहेबच कवायत घ्यायच्या का?"

बोळ हसला.

इथे एखाद्याने दार लावून घेतलं असतं. डॉक्टरांकडे माणूस पाठवला असता. तीन दिवसांचा तर प्रश्न! पण महिपतरावांची नजर त्या चिमट्यांवर खिळली होती. आपलं कुत्रं असं गळा आवळून, फरफटत, सगळ्या बोळासमोर न्यायचं?

"कुणी हात लावायचा नाही," ते गरजले. "आमचं जनावर आम्ही बघू."

विजयाबाईंना वाटलं, उभा राहिला एकदाचा. त्या दारातून बाजूला झाल्या. नवऱ्याला वाट त्यांनीच दिली.

महिपतराव आत गेले, बंदूक घेऊन परसात आले. बंदूक दिसली की शिकार, एवढंच जंग्याला ठाऊक. तो साखळी ताणून, शेपूट हलवत उभा राहिला.

एकच बार झाला.

"शाब्बास! याला म्हणतात शिलेदार!" पांडुरंगराव सज्ज्यातून म्हणाले. बोळातली माणसं मान डोलावत घरी गेली. आजाऱ्याला बांधून मारलं, आणि त्याला मर्दानगी म्हणाले हे लोक. थू!

अकराव्या दिवशी डॉक्टर आले. परसात साखळी मोकळी पडली होती.

"गेला का?" त्यांनी हळू विचारलं. "म्हणजे पिसाळलेलंच होतं?"

"नाही," विजयाबाई म्हणाल्या. "तोंड मिटत आलं होतं."

"मग?"

विजयाबाईंनी ओसरीकडे बोट केलं.

"यांना विचारा. घराण्याची इज्जत राखलीय यांनी."