निवळ नळी

"तेव्हाचं रसायन जुनं असेल म्हणून सांगा लेकीला," शेजारच्या टेबलावरची सहकारी हळूच म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

रक्त तपासणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. काचेवर त्यांच्या तीन वर्षांच्या नातीचं रक्त होतं. गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच विळ्यासारख्या वाकड्या, टोकदार पेशी दिसत होत्या. अशा पेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात.

लेक आणि जावई दोघंही सिकलसेलचे वाहक. म्हणून नात दोन महिन्यांची असताना बाईंनी हौसेनं तिचं रक्त स्वतःच तपासलं होतं. दोष असता तर नळी गढूळ झाली असती; ती निवळ राहिली, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा स्वच्छ दिसल्या. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. तान्ह्या बाळाचं रक्त या चाचणीला फसवतं, सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासावं लागतं, हे बाई लोकांच्या लेकीसुनांना दटावून सांगत. स्वतःच्या नातीच्या वेळी मात्र अक्कल गहाण ठेवली. मग पोर पाय दुखतात म्हणून रडली की घरात सगळे म्हणायचे, आजीनं तपासलंय, हे नुसते नखरे. सगळ्यांत आधी म्हणायची ती आजीच.

बाहेर बाकावर लेक पोरीला घेऊन बसली होती.

"रक्त कमी असेल ना गं आई? जेवतच नाही धड."

"सिकलसेल आहे. मोठी तपासणी होईल, पण मला काचेवरच दिसलंय."

"तू तर तेव्हा बघितलं होतंस."

रसायन जुनं होतं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तेव्हा ती चाचणी करायचीच नसते. मला ठाऊक होतं. चूक माझी आहे."

लेकीनं पोरीच्या पायावरून हात फिरवला.

"काल मारलं मी हिला. चालत नव्हती म्हणून."

"माझ्या भरवशावर मारलंस," बाई म्हणाल्या. त्यांना लेकीकडे बघवेना. नुसती शरम वाटत होती.

डॉक्टरांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. पोरीला उचलायला बाई वाकल्या, तशी ती घाईघाईनं बाकावरून खाली उतरली.

"चालते मी, आजी. नखरे नाही करत."

आणि भिंतीला धरून ती चालू लागली.