पाकोळी, उंदीर आणि मावशीचा दिवा

मित्रांनो, खारवलेल्या कॉड माशांचा वास जिच्या फळ्यांतून अजून जात नाही, ती जुनी पेटी म्हणजे मी. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका लहानशा बंदरात नेथनने मला ठोकून तयार केलं. मासळीचा धंदा बसला, तशी मी अडगळीत पडले. मग एकदा नेथनची बोट धुक्यात शिरली, ती परतलीच नाही.

घरचं माणूस समुद्रावर असलं की ओसरीवर दिवा जळत ठेवायचा, ही इथली रीत. नेथनच्या आईला, सेलिना मावशीला, तो दिवा विझववेना. पानगळीच्या दिवसांत त्या उजेडाला भुलून वादळी पाकोळ्या, समुद्रावरची ही इवली पाखरं, ओसरीवर आदळत. मावशी त्यांना माझ्यात ठेवी आणि कड्यावरून सोडून देई. माझ्या दुसऱ्या कप्प्यात कोठीत सापडलेला गवती उंदीर असे.

मला दोघांचं भारी कुतूहल. दोघेही मूठभर, करडे, बिळात राहणारे. पण उंदीर माझे कोपरे कुरतडी, आणि पाकोळी घाबरली की उग्र वासाचं तेल ओकी. मग यांचं नातं काय?

एका सकाळी अभयारण्यात काम करणारी शेजारची डोरीन आली.

"काय गं, ही भावंडं तर नव्हेत?" मावशीने माझ्यात डोकावत विचारलं.

"काहीतरीच, मावशी! उंदीर सस्तन, पिल्लांना दूध पाजणारा. ही पक्षी. चोचीवर नळी बघा. त्या थोरल्या समुद्रपक्ष्याच्या, अल्बाट्रॉसच्या गोतातली आहे."

"एवढीशी? गोतावळ्याने उपाशीच ठेवलेली दिसते!"

डोरीन हसली, मग गंभीर झाली. "उंदरांची काळजी नाही. त्यांच्याकडे बारशावर बारशी. पाकोळ्या मात्र घटताहेत. त्यांना आता 'असुरक्षित' जातींत धरतात. वर्षाला अंडं एकच."

"एकच?"

"एकच. आणि हे तुमच्या पायरीवर मिळालं." तिच्या तळहातावर यंदाचं पिल्लू होतं, मेलेलं.

मावशीने ते पदरात घ्यावं तसं ॲप्रनमध्ये घेतलं. नेथनही तिचा एकुलता एक. "दिवा माझ्या पोरासाठी होता गं," एवढंच ती म्हणाली आणि रडली.

त्या संध्याकाळी ओसरी अंधारात राहिली. सकाळी पायरीवर एकही पाखरू नव्हतं. रिकामं राहणं मला इतकं गोड कधीच वाटलं नव्हतं.

मित्रांनो, दिवा लावाल तेव्हा त्याच्या उजेडाला कोण भुलतंय, तेही बघत जा. मावशी आता दिवा लावत नाही. दाराला कडी मात्र ती अजूनही घालत नाही.